‘नाय’ची बाजू

रत्नागिरीतले मूल घरून ‘नाय’ घेऊन शाळेत जाते आणि वहीत लाल रेघ मारलेला ‘नाही’ घेऊन परत येते. संगमेश्वराकडे, लांज्याकडे तेच मूल कदाचित ‘न्हाय’ घेऊन आलेले असते, रेघ सारखीच. त्या रेघेमागे एक मत आहे. ते फक्त शाळामास्तरांचे नाही, शिकल्यासवरल्या पालकांचे आणि पुष्कळशा लेखकांचेही आहे. मत असे: ‘नाही’ हा मूळ, शुद्ध शब्द, ‘नाय’ हा त्याचा आळशी जिभेने केलेला अपभ्रंश. त्याच्या पोटात आणखी एक समजूत दडलेली असते. भाषेतले इतर शब्द येतात-जातात, पण होकार आणि नकार कायमचे असतात, म्हणून त्यांच्यात बदल झाला तर ती बिघाडाचीच खूण. या लेखात मला दोन्ही गोष्टी खोडून काढायच्या आहेत.

आधी पूर्वपक्षाला त्याचे पूर्ण माप देऊ. तो मूर्खपणाचा नाही. जे शब्द दिवसातून शेकडो वेळा तोंडात येतात ते सहसा सहजी बदलत नाहीत, हे खरे आहे. दोन, तीन, मी, तू यांची वंशावळ हजारो वर्षे मागे नेता येते. नकाराचा ‘न’ही तसाच जुना, वेदांत तो आहे, आपल्याकडे आजही आहे. शिवाय नकार हा धोक्याचा शब्द. तो ऐकू आला नाही तर अर्थ उलटा होतो. मग भाषा अशा शब्दाला झिजू कशी देईल? आणि शुद्धीचा आग्रह या गावाला परका नाही. सावरकर 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला बळ मिळाले ते इथूनच. तिचा रोख मात्र परक्या शब्दांवर होता. ‘नाय’ कोणाच्याही यादीत परका नव्हता. त्याच्यावरचा आरोप वेगळा: घरचाच, पण बिघडलेला.

आरोपाची पहिली कसोटी उच्चाराची. ‘नाही’तला दोन स्वरांमधला ह गळला, ‘नाई’ झाले, ‘ई’ सैल पडून ‘नाय’ झाले. हे एका शब्दापुरते घडले असते तर आळस म्हणता आले असते. पण ‘पाहिजे’चे ‘पायजे’, ‘राहिला’चे ‘रायला’, ‘पाहुणा’चे ‘पावणा’ याच वाटेने झाले. आळस निवडक असतो. हा तर नियम दिसतो. तोच नियम प्रमाण भाषेनेही पूर्वी वापरला आहे. संस्कृत ‘सखी’चे प्राकृतात ‘सही’ झाले आणि त्यातला ह गळून मराठीत ‘सई’ झाली. आज ती गोड, घरंदाज मराठी मानली जाते. मुलीचे नाव सई ठेवणारे घर ‘नाय’ला हसते, तेव्हा ते एकाच नियमाच्या दोन लेकरांत भेद करत असते.

लिहिण्याचा मुद्दा काढाल, तर शुद्ध म्हणून आज जो ‘नाही’ फळ्यावर लिहिला जातो त्याच्या डोक्यावर काही दशकांपूर्वी अनुस्वार होता: नाहीं. लोकमान्यांच्या काळचे छापील मराठी पाहा. 1962च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, त्यात हाही गेला. जुन्या पिढीला तेव्हा नवे लेखन बोडके वाटले होते. म्हणजे आपल्या ‘मूळ’ शब्दाचे आजचे रूप कागदावर तरी साठ-सत्तर वर्षांचेच आहे.

खरा मुद्दा मात्र उच्चार किंवा लेखनाचा नाहीच. ‘नाही’ हा मराठी नकाराचा मूळ मालक आहे का, हा खरा प्रश्न आहे. जुनी मराठी उघडली की उत्तर मिळते. ज्ञानेश्वरी 1290 सालची, लीळाचरित्र त्याच्या थोडे आधीचे. तिथे क्रियापदाचा नकार बहुधा पुढून येतो आणि क्रियापदाला चिकटतो. न जाणे त्याचे नेणे. न उरे, नुरे. न घे, नेघे. न ऐके, नायके. न ओळखे, नोळखे. न ये, नये. न लगे, नलगे. त्या काळच्या माणसाला ‘मी जाणत नाही’ म्हणायची फारशी गरज नव्हती. ‘नेणे’ या दोन अक्षरांत काम होत होते. ‘नाहीं’ तिथे होता, पण त्याचे मुख्य काम वस्तू नसणे सांगण्याचे. घरात धान्य नाही, अंगात बळ नाही. ‘गेला नाही’, ‘जात नाही’ असा तो इतर क्रियापदांच्या मागे उभा राहून त्यांचा नकार वाहू लागला आणि हळूहळू सगळा संसार त्याच्या हाती आला. ‘नेणता’ उरला, पण ‘नेणे’ गेले. ‘नलगे’ जुन्या पत्रांत राहिला. तेराव्या शतकातल्या एखाद्या जाणत्याला आजचा ‘मला कळत नाही’ हा लांबलचक, सैल बोलीचा नमुना वाटला असता. त्यानेही कदाचित लाल रेघ मारली असती.

पुढून चिकटणारा न का हरला? त्याच्या अडचणी उघड आहेत. तो एकटा, आघात नसलेला, क्रियापदाच्या तोंडाशी येऊन विरघळणारा. ‘नुरे’ ऐकताना त्यात ‘उरे’ आहे हे ध्यानात यायला कान सरावलेला हवा. प्रत्येक क्रियापदाशी त्याची जुळणी निराळी. त्यापेक्षा मागे एक भरभक्कम शब्द ठेवला की नकार चुकत नाही. पूर्वपक्ष म्हणतो, नकार महत्त्वाचा म्हणून तो बदलत नाही. प्रत्यक्षात तो महत्त्वाचा आहे म्हणूनच भाषा त्याची सतत डागडुजी करते. झिजला की जोड, जोड झिजली की नवी जोड.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 साली नेमके हेच फिरते चक्र दाखवले, म्हणून त्याला त्यांचेच नाव पडले. ‘नसणे’ सांगणारा शब्द सगळ्या क्रियापदांचा नकार कसा बळकावतो, हे विल्यम क्रॉफ्ट यांनी 1991 साली वेगळे मांडले. मराठीचा ‘नाही’ या दुसऱ्या प्रकारात जवळजवळ पाठ्यपुस्तकासारखा बसतो. आपला शेजारी गुजरातीचा ‘नथी’ही तसाच. तो संस्कृत ‘नास्ति’चा सरळ वंशज, म्हणजे मुळात ‘नसतो’ एवढाच. आज गुजराती माणूस जाण्याचा, खाण्याचा, बोलण्याचा नकार त्याच ‘नथी’ने करतो.

या चक्राचे एक जुने आणि लांबलचक दप्तर ग्रीक भाषेचे आहे, म्हणून थोडा वेळ तिकडे. प्राचीन ग्रीकात दोन नकार होते. एक ‘ऊ’, जो वस्तुस्थिती नाकारतो; दुसरा ‘मे’, जो मनाई करतो, नको म्हणतो. हा ‘मे’ म्हणजे आपल्या संस्कृतातला ‘मा’ च, ‘मा गमः’ मधला. ग्रीकांनी तो अडीच हजार वर्षे सांभाळला. आजच्या अथेन्समध्येही ‘मीन’ या रूपात तो मनाई करतो. गुजरातीतही ‘मा’ अजून ऐकू येतो. आपण तो हरवला आणि त्याच्या जागी ‘नको’ बसवला. उलट ‘न’ आपण सांभाळला आणि ग्रीकांनी हरवला.

तो कसा हरवला, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ग्रीक ‘ऊ’ आला कुठून? वॉरन काउगिल यांनी 1960 साली दिलेली व्युत्पत्ती आज बरेच अभ्यासक मानतात. मुळात दोन शब्द होते: नकाराचा ‘न’ आणि आयुष्य या अर्थाचा एक शब्द. हा दुसरा शब्द म्हणजे संस्कृत ‘आयु’चा सख्खा भाऊ. दोन्ही मिळून अर्थ होता ‘आयुष्यात नाही’, म्हणजे आपण म्हणतो तसे ‘उभ्या जन्मात नाही’. वापरून वापरून त्यातला ‘न’ गळाला आणि उरलेल्या ‘आयु’नेच ‘नाही’चे काम हाती घेतले. होमरचा नकार हा असा, आयुष्याच्या शब्दावर उभा.

पुढे हा ‘ऊ’ही दुबळा झाला. जोर द्यायला ग्रीक माणूस ‘ऊदेन’ म्हणू लागला, म्हणजे ‘एकही नाही’, ‘काहीसुद्धा नाही’. आधी तो फक्त जोराचा शब्द होता. मग तो साधा झाला, मग तोंडाशी आघात नसलेला ‘ऊ’ गळला आणि मध्ययुगापर्यंत उरला फक्त ‘देन’. आजच्या ग्रीकचा रोजचा नकार तोच. गंमत पाहा: ‘ऊदेन’मधला नकार होता तो ‘ऊ’मध्ये, आणि नेमका तोच गळला. शिल्लक राहिलेल्या तुकड्यात ‘एक’ आहे, नकार नाहीच. तरी तो नकार करतो. एकाच भाषेत हे दोनदा घडले. नकाराचा खरा शब्द दोन्ही वेळा निघून गेला आणि जोर द्यायला आणलेला पाहुणा घरधनी झाला. मराठी कानाला आणखी एक धक्का: आजच्या ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. आणि ‘नाही’ म्हणायचा त्यांचा स्वतंत्र शब्द ‘ओही’ त्यांना इतका प्यारा की 28 ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय सण त्याच नावाने साजरा होतो; 1940 साली त्या दिवशी ग्रीसने मुसोलिनीची मागणी फेटाळली होती.

आता कोणी ग्रीक शिक्षक ‘देन’ला ‘ऊदेन’चा अपभ्रंश म्हणून लाल रेघ मारील का? मारली तर अख्खा देश नापास होईल. फ्रेंचांचे तसेच. तिकडे पूर्वी क्रियापदापुढे एकटा ‘न’ होता. तो अशक्त झाला म्हणून ‘पा’, म्हणजे पाऊल, जोडला: एक पाऊलही चालत नाही. आज बोलण्यात पुढचा नकार बहुधा गळतो आणि एकटे ‘पाऊल’ ‘नाही’ म्हणते.

आपल्याकडे हे घडतच नाही, असे म्हणणाऱ्याने कोकणातली दोन माणसे भांडताना ऐकावीत. ‘त्याला शष्प कळत नाही.’ शष्प म्हणजे कोवळे गवत. ‘काडीची अक्कल नाही’, ‘कवडीची किंमत नाही’, ‘तीळमात्र शंका नाही’, ‘छदाम नाही’. काडी, कवडी, तीळ, छदाम, गवताचे पाते: अगदी क्षुल्लक वस्तू घेऊन नकाराला टेकू द्यायचा हा सगळ्या जगाचा उद्योग आहे. पण पुढची पायरी पाहा. ‘त्याला काय कळतं?’ ‘शष्प!’ इथे ‘नाही’ कुठे आहे? ‘डोंबल कळतंय त्याला!’ या वाक्यात नकाराचा एकही शब्द नाही, क्रियापद उघड होकाराचे आहे, आणि अर्थ मात्र ठणठणीत नकाराचा. ग्रीक ‘देन’ आणि फ्रेंच ‘पा’ ज्या वाटेने गेले तिच्यावर आपला ‘डोंबल’ बराच पुढे निघून गेलेला आहे. तो सभ्य झाला नाही म्हणून व्याकरणाच्या पुस्तकात आला नाही, एवढेच. ‘बिलकूल’ आला: मूळ अरबी, अर्थ ‘सर्वस्वी’. आज ‘येतोस?’ ला कोणी नुसते ‘बिलकूल’ म्हटले, तर ते हो आहे की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरते.

पूर्वपक्षाची आणखी एक समजूत शाळेच्या एका प्रश्नात सापडते: ‘पुढील होकारार्थी वाक्यांचे नकारार्थी रूप लिहा.’ जणू होकाराच्या वाक्याला ‘नाही’ नावाचे शेपूट जोडले की काम झाले. करून पाहा. ‘तो जातो’चे ‘तो जातो नाही’ होत नाही, ‘जात नाही’ होते. ‘जाईल’चे ‘जाणार नाही’. ‘जा’चे ‘जाऊ नको’. ‘जावे’चे ‘जाऊ नये’. ‘गेला होता’चे ‘गेला नव्हता’. ‘गेला असता’चे ‘गेला नसता’. ‘हवे’चे ‘नको’. प्रत्येक ठिकाणी वाक्याचा सांगाडाच फिरतो. कारण ‘नाही’ हे शेपूट नव्हे, ते क्रियापद आहे. तू आला नाहीस, ते आले नाहीत. आहेस, आहेत यांच्या शेजारी ठेवून बघा. नको, नकोस, नका, नकोत. करू नयेस, करू नयेत. नव्हता, नव्हती, नव्हते. हिंदीचा ‘नहीं’ आणि ‘मत’ दगडासारखे स्थिर. आपले नकार पुरुष, वचन, लिंग यांच्या तालावर नाचतात. ‘नको’ तर विशेषणही होतो, नकोसा, नकोशी, आणि पुढे नावही. साताऱ्यात 2011 साली ‘नकोशी’ नाव असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावे द्यावी लागली.

परंपरागत व्याकरणे या क्रियापदांना एका कोपऱ्यात बसवतात: आहे, नाही, नको, नये, नव्हे, पाहिजे, शिक्का ‘अनियमित’ किंवा ‘गौण’. मराठीचे सगळ्यात भरघोस व्याकरण मोरो केशव दामल्यांचे, 1911 सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. दामले मालगुंडच्या घराण्यातले, केशवसुतांचे धाकटे बंधू, म्हणजे या वादातला सर्वांत मोठा पंडितही रत्नागिरीचाच. व्याकरणकारांनी यांना क्रियापदे मानले, हे त्यांचे श्रेय. पण ‘अनियमित’ हा शब्द मला खटकतो. इतिहास बाजूला ठेवला तरच ती अनियमित दिसतात. ‘नये’ म्हणजे ‘न ये’, येत नाही. ‘नव्हता’ म्हणजे ‘न होता’. ज्या झिजेला ‘नाय’मध्ये अपभ्रंश म्हणतात तीच झीज ‘नव्हता’मध्ये व्याकरण होऊन बसली आहे. ‘न होता’ असे शुद्ध करून लिहा असा आग्रह अजून कोणी धरलेला नाही.

इथे एक वेगळाच आक्षेप येतो, आणि तो अधिक तोलाचा आहे. काही अभ्यासक म्हणतात, हा नकाराचा पसारा मराठीचा नाहीच, कन्नडचा आहे. पुरावाही बरा आहे. कन्नडात नसणे सांगायला ‘इल्ल’, ‘तो हा नव्हे’ म्हणायला ‘अल्ल’, नको म्हणायला ‘बेड’, आणि करू नये म्हणायला ‘बारदु’. चार कामे, चार शब्द; आपले नाही, नव्हे, नको, नये त्यांच्यावर तंतोतंत बसतात. त्यात ‘बारदु’ हा ‘येणे’ या धातूचाच नकार, आपल्या ‘नये’सारखा. इतके साम्य योगायोगाने येत नाही, हे मी मान्य करतो. पण यावरून ‘उसने’ हा निष्कर्ष निघत नाही. ‘नाही’, ‘नव्हे’ आणि ‘नये’ यांतले न, हो, ये हे घटक आपल्या आजीकडून आलेले. उसना असेल तर तो घराचा आराखडा. भिंतीची माती इथलीच. शेकडो वर्षे दोन भाषा एकाच बाजारात, एकाच सैन्यात, एकाच घरात बोलल्या गेल्या की असे होते. आणि देवघेव एकतर्फीही नाही. हैदराबादेची दखनी ‘नक्को’ म्हणते, तो ‘नको’ मराठीचा आहे. उर्दूचे माहेर सांगणाऱ्या बोलीने मनाईचा शब्द आपल्याकडून घेतला, तेव्हा आपल्या शुद्धतावाद्यांना त्यात बिघाड दिसला नाही, अभिमान वाटला.

बोली म्हणजे प्रमाण भाषेची बिघडलेली प्रत, हे मत कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाला तर उलटेच ठरते. ग्रिअर्सनने केलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीचा सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी यांची नोंद आहे आणि कोकणीचीही. गोव्याच्या कोकणीत ‘तो घरांत ना’ आणि ‘तो दोतोर न्हय’ यांत सरमिसळ होत नाही: एक नसणे, दुसरे तो-नव्हे-पण. आपण हाच भेद ‘नाही’ आणि ‘नव्हे’ने करत होतो. आज प्रमाण मराठीत ‘हा माझा भाऊ नव्हे’ असे किती जण म्हणतात? ‘भाऊ नाही’च म्हणतात, आणि ‘नव्हे’ आता ‘एवढेच नव्हे तर’ या चाकोरीत उरला आहे. जुने जपण्याचा मान द्यायचाच तर तो इथे कोणाला जातो? ग्रीकांकडेही अशीच गंमत. काळ्या समुद्राच्या काठची पोंतिक ग्रीक बोलणारे लोक 1923च्या लोकसंख्या-अदलाबदलीत ग्रीसला आले. त्यांचा नकार ‘कि’, थेट प्राचीन ‘ऊकि’चा वारस. किनाऱ्यावरची ‘गावंढळ’ बोली जुनी आणि राजधानीचा ‘देन’ नवा.

झिजेचे शेवटचे टोक पाहायचे असेल तर ‘की नाही’ बघा. ‘मी किनई काल किनई...’ यातला ‘किनई’ म्हणजे ‘की नाही’. प्रश्न गेला, नकार गेला, उरला बोलण्याचा ठेका. ‘येतोस ना?’ मधला ‘ना’ होकार मागतो, ‘बस ना’ मधला आर्जव करतो. तोच ‘ना’ क्रियापदाच्या शेवटी चिकटला की मात्र पुरता नकार: कळेना, सुचेना, ऐकेना. कोकणीत हेच नेहमीचे रूप आहे: हांव वचना. तेराव्या शतकात नकार क्रियापदाच्या पुढून चिकटत होता, इथे मागून चिकटतो आहे.

मला कोणी विचारील की मग अर्जात, निकालपत्रात, पाठ्यपुस्तकात ‘नाय’ लिहू द्यायचे का. नाही. लेखनाला एक ठरलेले रूप लागते आणि ‘नाही’ ते काम नीट करतो. शिक्षकाने मुलाला ‘नाही’ शिकवावाच. फक्त ‘तुझे चुकले’ म्हणून नव्हे, ‘लिहिताना असे लिहितात’ म्हणून.

कान द्यायचा तर रत्नागिरीच्या स्टँडवर द्यावा. ‘मी जाणार नाही’ असे तिथे क्वचित ऐकू येते. ‘मी नाय जाणार’, ‘नाय येत तो’, ‘नाय दिलान्’ असे ऐकू येते. सातशे वर्षांपूर्वी जो नकार क्रियापदाच्या पुढून उठून मागे गेला होता तो पुन्हा पुढे येऊन उभा राहतो आहे. यावेळी ‘न’ म्हणून नाही, ‘नाय’ म्हणून.